पिवळी वायर

आमच्या कपाटाच्या वरच्या खणात बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा आहे. अब्बांनी कुवेतहून आणलेला. त्यातली बिस्किटे आम्ही भावंडांनी आठवड्याभरात संपवली, त्याला पंचवीस वर्षे तरी झाली असतील. डबा मात्र घरातली कचेरी होऊन बसला. घरपट्टीच्या पावत्या, जुने रेशनकार्ड, अब्बांचा कोपरा कापलेला पासपोर्ट आणि एका मऊ रुमालात गुंडाळलेल्या तीन व्हीसीडी. तिन्हींवर मार्करने आपाचे आणि दुलाभाईंचे नाव, त्याखाली 'डिसेंबर २००४'. यातली दुसरी तबकडी बघता यावी म्हणून मे २०२१ मध्ये आम्ही दोन दिवस जो खटाटोप केला, त्याची ही हकीकत.

आम्ही लांज्याचे. उर्दू माध्यमाच्या शाळेत विज्ञान शिकवतो. बी.एड.ला शैक्षणिक साधनांवर एक पेपर होता, त्यात ओव्हरहेड प्रोजेक्टरची नामनिर्देशित आकृती काढून आम्ही बरे गुण मिळवले होते. प्रत्यक्षातला प्रोजेक्टर कॉलेजात कपाटात होता आणि कपाटाची किल्ली शिपायाकडे होती. तेव्हा यंत्रे आणि आम्ही यांचे नाते पहिल्यापासून आकृतीपुरतेच. घरात मिक्सर बिघडला तरी लोक म्हणतात, 'सर आहेत ना, सायन्सचे!' आणि आम्ही गंभीर चेहरा करून प्लग काढून पुन्हा लावतो. बऱ्याचदा तेवढ्याने चालूही होतो.

वाचकांपैकी ज्यांचे वडील किंवा भाऊ आखातात होते, त्यांना 'टेप भरणे' म्हणजे काय ते सांगायला नको. फोन महाग होता, पत्राला पंधरा दिवस लागायचे, आणि घरात लिहिता येणारे माणूस एखादेच. म्हणून कॅसेटच्या दोन्ही बाजूंनी बोलून ती जाणाऱ्याच्या हाती द्यायची. मागे कोंबडा आरवतो आहे, कोणी दारात येऊन सलाम करतो आहे, सगळे त्यात. अब्बांकडे अशा कॅसेटींची पिशवीच होती. २००४ च्या डिसेंबरात आपाचे लग्न ठरले आणि त्यांना रजा मिळाली नाही. निकाहात चाचा वली म्हणून बसले. तेव्हा घरात ठरले की या वेळी नुसता आवाज नको, चित्र पाठवायचे.

त्यावरून वाद झाला. पुरुषांच्या मांडवात व्हिडिओवाला फिरायला कोणाची हरकत नव्हती. पण बाईमाणसांच्या बाजूला कॅमेरा? दादीने नाही म्हणून सांगितले, आणि तिच्याहून ठाम नाही म्हणाली राजापूरची खाला. खाला अम्मीची धाकटी बहीण. तिला फोटोचे वावडे होते. फोटो काढला की चेहऱ्यावरचे नूर उतरते, असे ती म्हणायची. त्याला मसला म्हणावे की हट्ट, हे आम्ही कधी विचारले नाही. शेवटी अम्मीने एकच प्रश्न केला: बापाने आपल्या लेकीला नवरीच्या वेषात बघायचे की नाही? मग व्हिडिओवाल्याचा कॅमेरा घरातल्याच एका पोराच्या हातात दिला, आणि मेहंदीच्या रात्री तो माजघरात शिरला.

त्या रात्रीची ती दुसरी तबकडी. खाला गाणी सांगणारी. कोकणी लग्नगीते तिला इतकी पाठ की राजापूरपासून संगमेश्वरपर्यंत नात्यातल्या कुठल्याही मेहंदीला तिला बोलावणे असायचे. ती ओळ टाकायची, बाकीच्या उचलायच्या. तबकडीत ती सबंध वेळ कॅमेऱ्याकडे पाठ करून बसलेली आहे. फक्त एकदा, गाणे संपता संपता, कोणी तरी काही बोलते, ती हसत मागे वळते, समोर कॅमेरा दिसतो, आणि ती ओढणी ओढून त्या पोराला हाताने 'जा' म्हणते. दहाबारा सेकंदे असतील. खालाचे हलते चित्र दुनियेत एवढेच. आधार कार्डावर एक फोटो आहे, पण आधार कार्डावर कोणीच स्वतःसारखा दिसत नाही.

तबकड्यांचे दोन संच केले होते. घरातला संच बघायला म्हणून एका नातेवाइकाकडे गेला तो अजून यायचा आहे. डब्यात आहेत त्या अब्बांच्या. ते २००९ साली कायमचे परत आले तेव्हा सामानात घेऊन आले, आणि २०१२ साली ते गेले. त्यांनी त्या किती वेळा पाहिल्या असतील ते तबकडीवरच्या ओरखड्यांवरून कळते.

२०२१ चा रमजान १४ एप्रिलला सुरू झाला, त्याच रात्री राज्यात निर्बंध लागले. दुकाने बंद, जिल्ह्याबाहेर जायला पास. रमजानच्या दुसऱ्या आठवड्यात खालाला ताप आला, रत्नागिरीला दवाखान्यात नेले, आणि सहाव्या दिवशी फोन आला. दफनही तिकडेच झाले. प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेली, चारपाच माणसे, तीही अंगभर पांढरा पोशाख घातलेली. त्यात आमचे दोन मावसभाऊ होते एवढेच कळले. आपल्याकडे बायका कबरस्तानात जात नाहीत. त्यांचा निरोप घरातच होतो, जनाजा उचलण्यापूर्वी तोंड बघून. अम्मीला ते मिळाले नाही. लांजा ते रत्नागिरी तासाभराचा रस्ता, पण तो त्या दिवसांत फार लांब होता. अम्मी रडली नाही. रोजे पूर्ण केले, १४ मेला ईद झाली, शेवया केल्या आणि शेजारी वाटल्याही.

ईदनंतर दोन दिवसांनी, १६ मेला, तौक्ते वादळ किनाऱ्याजवळून वर गुजरातकडे गेले. आमच्या परसातला हापूस अर्धा उन्मळला, पडवीची कौले उडाली, आणि वीज गेली ती चार दिवस आली नाही. पाचव्या दिवशी आली ती जरा जास्तच आली. बल्ब आधी पांढरे झाले, मग टीव्हीतून 'टप' आवाज आणि जळका वास, पाठोपाठ कॉम्प्युटरच्या डब्यातूनही तसाच. मॉनिटरचे बटण बंद होते म्हणून तो वाचला. आम्ही पळत जाऊन मेन स्विच पाडला, पण जे व्हायचे ते झाले होते.

नेमके त्याच संध्याकाळी अम्मी म्हणाली, ती सीडी लाव.

टीव्ही धड होता तेव्हा, महिनाभर, तिने हे म्हटले नव्हते. आम्हीही सुचवले नव्हते. आता टीव्ही जळाला, कॉम्प्युटर जळाला, आमच्या मोबाइलला तबकडी घालायला तोंड नाही, आणि इलेक्ट्रॉनिकची दुकाने बंद. शेजाऱ्यांकडे टीव्ही चालू होते, पण दुसऱ्याच्या घरात बसून बहिणीचे तोंड बघायला अम्मी तयार नव्हती, आणि त्या दिवसांत कोणी कोणाला उंबऱ्याच्या आत घेतही नव्हते. माळ्यावर डीव्हीडी प्लेअर होता, खोक्यात बांधून ठेवलेला, म्हणून धड. आणि टेबलावर मॉनिटर होता. एक चित्र काढणारा, एक चित्र दाखवणारा. दोघांना जोडले की झाले, असे आम्हाला वाटले.

जोडायला वायरही मिळाली. शाळेची इमारत विलगीकरण कक्षासाठी घेतली गेली तेव्हा प्रोजेक्टर एका सहकाऱ्याच्या घरी रत्नागिरीला गेला आणि त्याच्या वायरींची पिशवी आमच्याकडे राहिली. तिच्यात एक केबल होती: एका टोकाला मॉनिटरला बसणारी पंधरा टाचण्यांची निळी पिन, दुसऱ्या टोकाला तीन गोल पिना, तांबडी, हिरवी, निळी. प्लेअरच्या पाठीमागेही तीन गोल खोबणी, तांबडी, हिरवी, निळी. रंगाला रंग जुळला, पिना घट्ट बसल्या. आमची दहा वर्षांची लेक टाळ्या वाजवून मोकळी झाली. आवाजासाठी पांढरी आणि लाल वायर कॉम्प्युटरच्या छोट्या स्पीकरना लावली. तबकडी आत सरकवली.

मॉनिटरवर एक चौकट तरंगू लागली: 'नो सिग्नल'. दोनचार सेकंदांनी पडदा काळा, आणि बटणातला हिरवा दिवा पिवळट झाला.

पिना काढून पुन्हा लावल्या, मिक्सरसारख्या. मॉनिटर बंद करून चालू केला. तबकडी उलटी तर नाही ना, ते पाहिले. तीच चौकट. एवढे मात्र कळले की मॉनिटर जिवंत आहे. मेलेला मॉनिटर 'नो सिग्नल' म्हणत नाही.

आम्ही वाकून वायरी चाचपत होतो तेवढ्यात स्पीकरमधून आवाज आला. आधी बायकांचा गलका, ढोलकीवर कोणाची तरी चुकीची थाप, आणि मग खाला. गाण्याची पहिली ओळ, एकटीची. तिच्या मागून पंधरावीस बायकांचे गळे.

अम्मी स्वयंपाकघरात भाकऱ्या करत होती. तशीच पिठाच्या हातांनी दारात येऊन उभी राहिली. पडदा काळा होता. ती त्या काळ्या पडद्याकडे बघत ऐकत राहिली. गाणे संपले, हशा झाला, खालाचा आवाज कोणावर तरी ओरडला, 'जा, जा!' त्याच वेळी ती वळलेली असणार. अम्मीने आम्हाला विचारले, "आहे ना ती आत?"

आम्ही म्हटले, "आहे."

तवा जळत होता. ती परत गेली. त्यानंतर तो मॉनिटर तसाच ठेवून झोपणे आम्हाला शक्य नव्हते.

आमचा एक माजी विद्यार्थी कतारला दोह्यात सीसीटीव्ही बसवायचे काम करतो. शाळेत असताना विज्ञानात जेमतेम पास व्हायचा. रात्री साडेदहाला त्याला व्हॉट्सअ‍ॅपवर फोन लावला, प्लेअरची पाठ, वायर, मॉनिटर, सगळ्यांचे फोटो पाठवले. त्याने ते पाहिले आणि हसला. "सर, पिन जम गई तो क्या हुआ? सिग्नल तो अलग है."

मग त्याने आम्हाला शिकवले. आम्ही वहीत उतरवून घेतले, त्यातले थोडे इथे देतो, कारण आमच्यासारखे फसणारे आणखीही असतील. टीव्हीची आपल्याकडची पद्धत पाल. १९८२ साली रंगीत टीव्ही आला तो याच पद्धतीचा. तिचे चित्र ६२५ ओळींचे, आणि सेकंदाला २५ चित्रे. चित्रही एका दमात काढले जात नाही; आधी विषम ओळी, मग सम ओळी, म्हणजे सेकंदाला ५० अर्धी चित्रे. ६२५ गुणिले २५ करा: सेकंदाला १५,६२५ ओळी. कॉम्प्युटरच्या मॉनिटरची गोष्ट निराळी. आयबीएमने १९८७ साली व्हीजीए पद्धत आणली तिची नेहमीची चाल सेकंदाला साधारण साडेएकतीस हजार ओळी, आणि सगळ्या एकामागून एक, सम-विषम नाही. आमचा मॉनिटर तीस हजारांच्या खाली ऐकूनच घेत नव्हता. प्लेअर त्याच्या निम्म्या चालीने बोलत होता.

हा धडा आम्ही नववीला वर्षानुवर्षे शिकवत आलो आहोत. उर्दूत 'तअद्दुद', मराठीत 'वारंवारता', आणि अकरावीला गेले की पोरांना तोच शब्द 'फ्रीक्वेन्सी' म्हणून पुन्हा नव्याने शिकावा लागतो. तीन भाषांत शब्द येत होता, पण आपल्याच टेबलावर तो असा अडून बसेल हे कधी मनात आले नव्हते.

आता उपाय. काही प्लेअर सबंध ओळी एकामागून एक काढू शकतात, त्याला प्रोग्रेसिव्ह म्हणतात. मग चाल दुप्पट होते. आमच्या प्लेअरला ती सोय होती, पण ती मेनूत, आणि मेनू बघायला पडदा हवा! पडदा दिसावा म्हणून मेनू, मेनू दिसावा म्हणून पडदा. पोरगा म्हणाला, "सर, रिमोटवर 'व्ही-मोड' लिहिलेले बटण शोधा, थांबून थांबून दाबा." रिमोटवरची अक्षरे पुसट झाली होती. लेकीने मोबाइलचा उजेड धरून ते शोधले. एकदा दाबले, काही नाही. दोनदा, काही नाही. तिसऱ्यांदा चौकट आली, पण आता तिच्यावर 'आउट ऑफ रेंज'.

आमची बेगम म्हणाली, पुन्हा तेच. आम्ही म्हटले, तेच नाही. मघाशी तो म्हणत होता की कोणी बोलतच नाही. आता म्हणतो आहे की बोलणे ऐकू येते पण झेपत नाही. वर्गात पहिल्या मुलापेक्षा दुसऱ्यावर आम्ही जास्त आशा ठेवतो.

मोबाइलवर मॉनिटरचा नंबर टाकून त्याची माहितीपुस्तिका काढली. ओळींचा हिशेब आता बसत होता, पण चित्रे सेकंदाला ५६ ते ७५ च चालत. पालची ५०. अमेरिकेची एनटीएससी पद्धत मात्र ५२५ ओळींची आणि ६० ची. ५२५ गुणिले ६०, ३१,५००. दोन्ही बाजूंनी बसते! रिमोटवर 'पी/एन' असे बटण होते, इतकी वर्षे ते कशासाठी आहे हे घरात कोणाला माहीत नव्हते. ते दाबले.

चित्र आले. रात्रीचा एक वाजला होता. आणि सगळे हिरवे होते.

भिंत हिरवी, सतरंजी हिरवी, बायकांचे चेहरे हिरवे, वर टांगलेला बल्बही हिरवा. फक्त आपाचा लाल जोडा तेवढा लाल होता. लेक खिदळायला लागली, बेगमेने तोंडाला पदर लावला. अम्मी उठून आली होती. खाला वळली, हसली, हात हलवला. हिरवा चेहरा, हिरवा हात. अम्मी बघत होती आणि मग तिने मान फिरवली. "ही अशी नव्हती," ती म्हणाली. मग हळूच, "बंद कर."

आम्हाला वाटले होते की न दिसण्यापेक्षा कसेही दिसणे बरे. तसे नव्हते.

दोह्याहून दुसऱ्या दिवशी खुलासा आला. त्या तीन खोबणींना रंग दिले आहेत तांबडा, हिरवा, निळा, पण त्यांतून ते तीन रंग येतच नाहीत. हिरवीतून येतो नुसता उजेड, म्हणजे काळेपांढरे चित्र. बाकी दोन्हींतून निळा आणि तांबडा त्या उजेडाहून किती वेगळा, तेवढा फरक. हिरवा पाठवतच नाहीत, टीव्ही तो हिशेबाने काढतो. प्रोजेक्टरला हा हिशेब येतो म्हणून ती वायर त्याच्यासोबत होती. मॉनिटरला येत नाही. तो हिरव्या पिनेतून आलेला सगळा उजेड हिरवाच समजतो. आमच्या मॉनिटरने निदान चित्र दिले, बहुतेक मॉनिटर तेवढेही देत नाहीत, असे पोरगा म्हणाला. खोबणींना असे रंग कोणी दिले असतील त्याला आमच्या वर्गात पाच मिनिटे उभे करायला हवे.

"सर, वो छोडो," तो म्हणाला. "आपके उधर किसी के पास सीसीटीव्ही का डब्बा है?"

हे आम्हाला आकृतीतही सुचले नसते. दुकानात कॅमेरे लावतात त्यांची वायर जिथे येते तो डबा, डीव्हीआर. जुन्या कॅमेऱ्यांतून जो सिग्नल येतो तो आणि प्लेअरच्या पिवळ्या पिनेतून येतो तो, दोन्ही एकाच जातीचे. उजेड, रंग, ओळी कुठे सुरू होतात त्याची खूण, सगळे एकाच वायरीत. आणि त्या डब्याच्या पाठीला मॉनिटरची निळी खोबण असतेच, कारण दुकानदार मॉनिटरवरच बघतात. पिवळीतून घेऊन मॉनिटरला समजेल असे नव्याने काढून देणे, हे तो डबा दिवसरात्र करत असतो.

बाजारपेठेत अब्बांच्या एका मित्राचे कापडाचे दुकान आहे. आम्ही त्यांना काका म्हणतो. अब्बा कुवेतहून आले की पहिला अत्तराचा फाया त्यांच्या कानात जायचा. त्यांनी मागच्या वर्षी नवे कॅमेरे बसवले, जुना चार कॅमेऱ्यांचा डबा माळ्यावर होता. फोन केला. काका म्हणाले, "ये, ओट्यावर ठेवतो." आम्ही गेलो तेव्हा डबा पिशवीत घालून पायरीवर ठेवला होता, ते आत जाळीच्या दरवाजामागे मास्क लावून उभे. "वहिनींच्या बहिणीचं कळलं," ते म्हणाले. "यायला हवं होतं." आम्ही कशासाठी डबा हवा ते सांगितले. त्यांनी पासवर्ड सांगितला, दुकानाच्या फोनचे शेवटचे सहा आकडे. मग म्हणाले, "आत माझं काही नाही. सगळं पुसलंस तरी चालेल."

डब्याच्या खोबणी पिळून बसवायच्या होत्या, पिवळी पिन त्यात बसणारी नव्हती. पण पिशवीत कॅमेऱ्यांच्या उरलेल्या चारसहा पिना होत्या, स्क्रूने वायर आवळायच्या. आम्ही पिवळ्या वायरीचे टोक विळीवर कापले. आत एक बारीक तांब्याची तार, तिच्याभोवती पांढरे आवरण, त्याभोवती तारांची जाळी. मधली तार मधल्या स्क्रूला, जाळी बाहेरच्याला, आणि दोन्हींचा एकमेकींना स्पर्श नाही, असे दोह्याहून तीनदा बजावून सांगितले गेले. चष्मा नव्हता म्हणून पहिल्यांदा स्पर्श झालाच. पुन्हा केले.

डबा चालू झाला. मॉनिटरवर चार चौकोन, चारांतही 'व्हिडिओ लॉस'. आम्ही घाम पुसला. वायर बघितली, स्क्रू आवळले. मग लेकीने विचारले, "काल ते बटण दाबलं होतं ते परत नाही का दाबायचं?" काल व्ही-मोडने आम्ही पिवळीतले बोलणे थांबवून तीन रंगांकडे वळवले होते. कित्येक प्लेअर दोन्हीकडे एकदम बोलत नाहीत. रिमोट घेऊन पुन्हा एक, दोन, तीन, आणि पी/एन दाबून पाल.

पहिल्या चौकोनात माजघर उजळले. आमचे स्वतःचे माजघर, सतरा वर्षांपूर्वीचे. भिंत पिवळट, जशी होती तशी. कोपऱ्यात अब्बांनी पाठवलेला टेप रेकॉर्डर. बाकीचे तीन चौकोन काळे. खाली 'कॅमेरा १', आणि वर तारीख, पहिली जानेवारी २०००. डब्याच्या घड्याळाची बॅटरी संपली होती. चौकोनावर दोनदा क्लिक केले तर चित्र पडदाभर झाले.

अम्मीला हाक मारली. तिने वजू केला, ओढणी नीट घेतली आणि खुर्ची ओढून बसली. चित्र काही फार सुबक नव्हते. व्हीसीडी ही १९९३ ची पद्धत, तिचे चित्र ३५२ बाय २८८ ठिपक्यांचे. आजच्या मोबाइलची पोरे त्याला चित्र म्हणणार नाहीत. त्यात ओरखडे. गाणे सुरू झाले आणि तिसऱ्या कडव्यावर चित्राचे चौकोन चौकोन होऊन सगळे थांबले. तबकडी बाहेर काढली, अब्बांच्या रुमालानेच मधून कडेकडे पुसली, गोल नाही, सरळ रेषेत. पुन्हा लावली. पुन्हा तिथेच. तिसऱ्या वेळी अडखळली, आणि पुढे गेली.

खाला वळली.

गव्हाळ होती ती. आम्ही विसरलो होतो की तिच्या पुढच्या दोन दातांत फट होती. हसली तेव्हा ती दिसली. मग ओढणी, मग हात, 'जा, जा'. आणि पाठ.

अम्मी म्हणाली, मागे घे. घेतले. पुन्हा वळली. आणखी एकदा. चौथ्या की पाचव्या वेळी अम्मी पडद्याच्या अगदी जवळ गेली आणि काहीतरी पुटपुटली. दुआ होती की बहिणीशी बोलणे, ते आम्हाला ऐकू आले नाही. मग ती रडली. महिनाभराचे होते. लेक घाबरली, तिला बेगमेने आत नेले. आम्ही रिमोट हातात धरून उभे राहिलो.

नंतर चहा घेताना अम्मीच्या लक्षात आले. "हा डबा चोरी पकडायचा ना? मग यात हे सगळं भरलं गेलं असेल."

भरले गेलेच होते. डब्यात हार्ड डिस्क होती, आणि समोर येईल ते साठवणे हे त्याचे काम. आम्ही खरे म्हणजे खूश होतो. तबकडी आज आहे, उद्या नाही; कोकणातल्या पावसाळ्यात तिच्यावर बुरशी धरते, घरी भरलेल्या तबकडीचा रंगच उडत जातो. आता खाला डब्यात सुरक्षित होती. आम्ही तसे सांगितले.

अम्मी म्हणाली, "तिला विचारलंस?"

यावर काय बोलायचे? मग तीच म्हणाली की २००४ साली मीच कॅमेरा आत घेतला, ती रुसली होती, दोन महिने बोलली नाही; तेव्हा तिच्या वहिनीने समजूत घातली की दुलाभाई परदेशात एकटे बघणार आहेत, आणखी कोणी नाही. आता हा डबा बाजारात परत जाणार. काका भला माणूस आहे, पण डबा उद्या आणखी कोणाकडे जाईल. पुसून टाक.

आम्ही पुसले. मेनूत जाऊन फॉरमॅट. त्याने दोनदा विचारले, खात्री आहे का, आम्ही दोनदा होय म्हटले. दुसऱ्या दिवशी डबा पायरीवर ठेवून आलो, बरोबर परसातले पडलेले आंबे. काकांनी जाळीआडून विचारले, "दिसलं का?" आम्ही म्हटले, दिसलं.

त्या वर्षीच्या पावसाळ्यात नवा टीव्ही आला, त्याच्या पाठीला पिवळी खोबणच नाही. प्लेअर पुन्हा माळ्यावर गेला. दुसरी तबकडी गेल्या वर्षी एकाच्या लॅपटॉपवर लावून पाहिली, तिसऱ्या मिनिटाला थांबते, पुसून काही होत नाही. अम्मीने त्यानंतर ती मागितलेली नाही.

पुसण्याच्या आधी, अम्मी नमाजला बसली असताना, आम्ही डब्याला पेन ड्राइव्ह लावला होता. तो बिस्किटांच्या डब्यात पावत्यांच्या खाली आहे. अम्मीला आम्ही सांगितलेले नाही. तिने कधी विचारलेलेही नाही, पण मागच्या रमजानमध्ये डबा आवरताना तिने तो उचलून पाहिला आणि अब्बांच्या रुमालात, तबकड्यांशेजारी ठेवला.